असोद्याची वांगी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही माहीत नाही.

नाना, म्हणजे माझे सासरे, शेवटचं वर्षभर आमच्याकडे धुळ्यात अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मीच केलं. ते गेल्यावर जो भेटायला येईल त्याला मी एकच सांगायची, "मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. माझं मन साफ आहे." लोक माना डोलवायचे. आणि खोटं कुठे होतं त्यात? — औषधं, अंग पुसणं, पथ्यपाणी, सगळं वेळच्या वेळी.

पण अक्का होत्या ना. नानांची थोरली बहीण, असोद्याला राहणाऱ्या. एकदा भेटायला आल्या आणि शेजारणींसमोर नानांची चादर चाचपून म्हणाल्या, "चादर बदलत जाय वं बाई त्याची." एवढंच. मला ते असं झोंबलं — त्याच सकाळी बदलली होती हो मी. तेव्हापासून त्यांचा फोन आला की मी म्हणायची, नाना झोपलेत. आणि नानांनी विचारलं की म्हणायची, अक्कांचा फोन नाही आला.

हिवाळ्यात त्यांनी गावच्या एका माणसाबरोबर भरताची वांगी पाठवली. दरवर्षी पाठवायच्या. मी ती भाजली, भरीत केलं, नानांना भरवायला बसले. एक घास खाऊन ते थांबले.

"असोद्याची हायेत का पोरी? अक्कानं धाडली?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? — मी म्हटलं, "बाजारातली आहेत, नाना."

ते बराच वेळ तोच घास चावत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे अक्का इसरली मले." पुन्हा त्यांनी अक्कांचं नाव काढलं नाही. महिन्याभरात गेले.

दहाव्याला अक्का आल्या आणि माझे दोन्ही हात धरून रडल्या. "माह्या भावाचं तू केलं वं. वांगी खाल्ली ना त्यानं? काई बोलला का?"

मी म्हटलं, "तुमची आठवण काढून खाल्ली."

आता खरं सांगितलं तर अक्कांचं उरलंसुरलं समाधानही जाईल, असं मी स्वतःला समजावते. पण मी गप्प आहे ते त्यासाठी नाही. अक्का गावभर माझं चांगलं सांगत फिरतात — आणि मला ते ऐकायला आवडतं.