चुन्याच्या रेघेतलं घर

"तिकून नाई, सर. तिथं भिंत हाय."

मिस्त्रींचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा पिपरी मेघे गावातल्या आमच्या प्लॉटवर भिंत सोडाच, एक वीटही नव्हती. काळ्या मातीवर चुन्याच्या रेघा होत्या आणि मी त्यातली एक ओलांडून स्वयंपाकघरात शिरलो होतो. त्यांनी मला बाहेर काढलं आणि दारातून आत आणलं. दार म्हणजे रेघेत सोडलेली तीन फुटांची फट. मी मुकाट्याने आलो.

त्यांची रीतच तशी होती. चुना पडला की घर झालं. मग मजूर असो, मालक असो की मालकाची सासू, सगळ्यांनी दारातूनच ये-जा करायची. मजूर डोक्यावर घमेली घेऊन वळसा घालायचे आणि पाठीमागे हसायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याला हसतात सगळे, पण भिंत सरळ ओळंब्यात हवी असली की त्यालाच बोलावतात.

आता माझी पंचाईत बघा. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. कल्पनांचं स्वतःचं वेगळं जग असतं, की त्या फक्त आपल्या डोक्यात असतात, हा धडा मी दरवर्षी घेतला. दोन्ही बाजू मांडायच्या, घंटा झाली की सुटका. प्लॉटवर घंटा नव्हती.

पाया खणायच्या आदल्या दिवशी, बायकोच्या आग्रहाखातर, मी जिना डावीकडून उजवीकडे घ्यायला सांगितला. मिस्त्रींनी पायाने जुनी रेघ पुसली आणि तिथेच उकिडवे बसले.

"सर, मंग डाव्या जिन्याचं घर कुठी गेलं?"

"ते झालंच नाही मिस्त्री, तर जाईल कुठे?"

"मले तं दिसून राह्यलं होतं."

मी समजवायला लागलो. दहा मिनिटांनी मी कोणत्या बाजूने बोलतोय हे मलाच कळेना. त्यांनी मान हलवून चहा मागवला.

त्यांचं स्वतःचं घर आंजीला होतं. म्हणजे प्लॉट होता. राहायचे भाड्याच्या खोलीत. दर बुद्धपौर्णिमेला प्लॉटवर जाऊन नव्याने रेघा मारायचे, पावसाळ्यात त्या वाहून जायच्या. "घर हाय माहं, विटा तेवढ्या लागाच्या हायेत," म्हणायचे. नकाशा काढून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "कागदावर कायले? तो हरपते."

एका वर्षी मलाही घेऊन गेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, रेघांमधल्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीशी उभ्या राहून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत होत्या. ती खिडकी त्यांनी मिस्त्रींकडून मागून घेतली होती. मीही थोडा वेळ तिथून बघितलं. उगाच खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री छातीच्या दुखण्याने गेले. काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. सरकारी घरकुल मंजूर झालं होतं, आंजीला या म्हणाल्या.

प्लॉटवर गवत माजलं होतं. दुसरे एक मिस्त्री चुन्याची पिशवी घेऊन, नकाशा कुठे आहे म्हणून विचारत होते. नकाशा नव्हता. वहिनींना दिवसभर काही आठवत नव्हतं. खिडकी कुठे, दार कुठे, सगळं गवतात सारखंच दिसत होतं.

"हे मिस्त्री म्हंतात, कसंबी दोन खोल्यांचं टाकू," त्या मला म्हणाल्या. "मले कसंबी घर नाई पायजे, सर. ह्यायचं पायजे. तुमी तं हेच शिकवत होते. सांगा, ते ह्यायच्यासंगच गेलं का हाय अजून?"

इतकी वर्षं शिकवलं, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर खरोखर हवं म्हणून विचारत होतं. मला दोन्ही बाजू पाठ होत्या.

"मला माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो आणि निदान जवळ जाऊन उभं राहावं म्हणून गवतातून सरळ त्यांच्याकडे निघालो.

"तिकून नाई, सर," त्या पटकन म्हणाल्या. "तिथं भिंत हाय."

आणि थांबल्या. माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग नव्या मिस्त्रींना हात करून म्हणाल्या, "इथून टाका चुना. सर उभे हायेत तिथून."

नवे मिस्त्री वाकून रेघ ओढत आले. माझ्यापाशी पोचले आणि बाजूला व्हा म्हणाले. मला मात्र कळेना, भिंतीतून बाहेर पडायचं ते कोणत्या बाजूला.