टीमसाठी गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा! आमच्या कॉलेजाच्या बास्केटबॉल टीमीक यंदा तरी त्या मोठ्या टूर्नामेंटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही कुवेतच्या सलवा भागातले मराठी शेजारी चहाचे कप सावरत ओरडलो.

गाऱ्हाणं घालणारा आमच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनियर. जन्म मालवणचा, शिक्षण अमेरिकेचं आणि आवाज असा, की पार सौदीतले उंट दचकून उठत. त्याच्या अमेरिकेतल्या कॉलेजला त्या स्पर्धेचं आमंत्रण येऊन युगं लोटली होती. तरी दर मार्चला कॉलेजचा विटका टीशर्ट चढवून तो देवापुढे नारळ ठेवी. स्पर्धेच्या यादीत नाव नसलं, की त्याच नारळाच्या वड्या आम्हाला वाटी. म्हणे, "देवाक अमेरिका लांब पडता."

एका वर्षी मात्र नाव आलं! पठ्ठ्या असा नाचला, की खाली आमचा बंद पंखा गरगरा फिरू लागला. पेढे इमारतीच्या इजिप्शियन वॉचमनपर्यंत पोचले.

पहिल्याच सामन्यात टीम सडकून हरली आणि स्पर्धेबाहेर पडली. आम्ही तोंडं पाडून सांत्वनाला गेलो, तर हा मजेत नारळ खवत बसलेला.

"अरे, हरली की तुझी टीम!" मी म्हणालो.

"आमी आत घाल म्हणान सांगितला," तो खवता खवता म्हणाला. "जिंकव म्हणान कोणी सांगितल्यान?"