सुनंदाचा खालचा जबडा

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण चाळीस दंतवैद्यांच्या साक्षीनं झालेली एकच. ती सांगतो. चहा हातात घ्या, आणि हसायचं असेल तर तोंड मिटून हसा. दात दिसले की माझं लक्ष तिकडे जातं आणि मग गोष्ट अर्धीच राहते.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. तेव्हा नागपुरात आम्ही दातांचे डॉक्टर म्हणजे मुख्यतः दात काढणारी माणसं. किडला, काढा. हलला, काढा. सगळेच गेले, कवळी बसवा. वेडेवाकडे दात तारेनं सरळ होतात एवढं कॉलेजात शिकलो होतो. पण जबडाच पुढे-मागे असेल, वरचे-खालचे दात एकमेकांवर धड बसतच नसतील, तर काय करायचं? ते आमच्यापैकी कोणालाच नीट येत नव्हतं. अशात पत्र आलं. मुंबईचे एक नावाजलेले प्राध्यापक सहा दिवस आम्हाला नेमकं हेच शिकवायला येणार होते, भर मे महिन्यात.

मी लगेच नाव दिलं. पत्नीला जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि दवाखाना बंद केल्यावरची संध्याकाळ फार लांब वाटायची, हे एक कारण. दुसरं, निव्वळ कुतूहल. दात हाडात घट्ट रोवलेला असतो. तो बारीकशा तारेच्या दाबानं सरकतो म्हणजे काय? पुढचं हाड त्याला वाट देतं आणि मागची जागा नव्या हाडानं भरून येते, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. पण भिंतीतला खिळा रोज थोडा थोडा सरकत खिडकीपाशी गेला, असं कोणी सांगितलं तर तुम्ही मानाल का?

पत्रात दोन सूचना होत्या. जबड्याची तक्रार असलेल्या एका पेशंटच्या दातांची प्लास्टरची मॉडेल्स आणा. आणि स्वतःच्या दातांचीही आणा. कारण प्रत्येकानं स्वतःच्या मापाची, दात सरकवणारी एक प्लेट बनवून ती स्वतःच्या तोंडात घालून बसायचं होतं. लहान मुलांना आपण काय सोसायला लावतो ते कळावं म्हणून. मला ही कल्पना फार आवडली. इतकी आवडायला नको होती.

पेशंट होती. सुनंदा भोयर, वय चौदा, राहणार रामटेक. वडील तिथेच पोस्टमन. मुलीचे वरचे दात चांगलेच पुढे आलेले, ओठ मिटत नसत. शाळेत मुलं तिला काहीतरी म्हणत. काय, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भोयर मात्र सरळ बोलले.

"डॉक्टरसाहेब, हे सुधरते का? सुधरत नसन तं तसं सांगून द्या. पोरगी रोज आस लावून बसते."

मी म्हणालो, मुंबईचे सर येताहेत, त्यांनाच विचारून सांगतो.

दोघांचीही मापं घेतली, मॉडेल्स ओतली. माझी दोन, सुनंदाची दोन. प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीनं नाव. इथेच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण चाळीस जणांपुढे आपलं काम कसं उठून दिसावं. म्हणून घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी चारही मॉडेल्सचे तळ काचकागदानं घासले, मॉडेल्स साबणाच्या पाण्यात बुडवली, वाळवली आणि मऊ फडक्यानं संगमरवरासारखी चकचकीत केली. नावंही अर्थातच घासली गेली. सकाळी ती नव्यानं लिहिली, शाईनं, वळणदार अक्षरात.

वरची दोन लगेच ओळखू आली. सुनंदाचे पुढे आलेले दात कोणीही ओळखले असते. खालची दोन? आता मला सांगा, माणूस स्वतःचा खालचा जबडा कधी पाहतो? आरशात आपण दाढी पाहतो, भांग पाहतो. वीस वर्षं मी लोकांच्या तोंडात वाकून पाहत होतो, पण स्वतःच्या दाढा मला रस्त्यात भेटल्या असत्या तरी मी नमस्कार केला नसता. एक उचलला, त्यावर 'सुनंदा' लिहिलं. उरलेल्यावर माझं नाव.

तुम्ही म्हणाल, पडताळून पाहायचं काही साधन नव्हतं का? होतं. मेणाची पट्टी दातांत धरून पेशंटला चावायला लावतात. मग वरचं आणि खालचं मॉडेल त्या खुणांवर बरोबर बसतं. सुनंदाची ती पट्टी मी आठवणीनं बरोबर घेतली होती. स्कूटरच्या डिकीत ठेवली होती. नागपूर, मे महिना, दुपार. डिकी उघडली तर पट्टीची गोळी होऊन पान्याला चिकटलेली.

पहिल्याच दिवशी माझी मॉडेल्स सरांच्या हातात गेली. त्यांनी वरचं पाहिलं, खालचं पाहिलं, दोन्ही एकमेकांवर बसवायचा प्रयत्न केला. एका भांड्यावर दुसऱ्याच भांड्याचं झाकण बसवावं तसं ते डुगडुगलं.

"डॉक्टर, दोन्ही एकाच पेशंटची आहेत ना?"

पाहा, देवानं मला एक संधी दिली होती. पण मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं आणि माझा स्वाभिमान जागा झाला.

"सर, वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. मापं मी स्वतः घेतली, नावं मी स्वतः लिहिली."

"पेशंट आलीय?"

"नाही सर. रामटेकला असते."

सर खिडकीपाशी गेले. खालचं मॉडेल उन्हात धरलं. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. चौदाव्या वर्षी खालच्या दोन्ही अक्कलदाढा, त्यातली उजवी तिरपी. जबडा बाईमाणसाचाही नाही, चांगल्या रुंद पुरुषाचा वाटावा असा. कोणी म्हणालं ग्रंथींचा दोष असेल. कोणी म्हणालं तिकडच्या पाण्याचा गुण. माझ्या शेजारी बसलेला देशकर, माझा कॉलेजपासूनचा दोस्त, कानात म्हणाला, "काय बे, कुठून शोधून आणली ही पोरगी? मले आपलं साधं गिऱ्हाईक भेटते रोज."

मला उगाचच अभिमान वाटला.

सर फळ्यापाशी गेले. अक्कलदाढा आल्या म्हणजे हाडाची वाढ संपली. वाढ संपली म्हणजे प्लेटचा, तारेचा उपयोग नाही. खालचा जबडा दोन्हीकडे कापून मागे घ्यायचा, एवढाच उपाय. त्यांच्या मुंबईच्या रुग्णालयात पुढच्याच महिन्यात करता येईल.

"आणि हे बघा," सर म्हणाले, "दाढा घासून सपाट झाल्यात. ही मुलगी झोपेत दात खाते. या वयात इतकी झीज? मनात काहीतरी दाबून ठेवलंय पोरीनं. घरी विचारा."

मी वहीत लिहून घेतलं, 'घरी विचारणे.'

आता तुमच्या मनात येईल, या गृहस्थानं त्या मुलीचं तोंड प्रत्यक्ष पाहिलं होतं ना? पाहिलं होतं. खालचा जबडा मला तेव्हा बारीक आणि मागेच वाटला होता. पण सर सांगताहेत, चाळीस जण माना डोलावताहेत, तेव्हा माणूस आपले डोळे खोटे मानतो आणि फळा खरा.

संध्याकाळी भोयर दवाखान्यात आले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळं ऐकलं.

"हाड कापाचं?"

"खालचा जबडा मोठा आहे. थोडा कापून मागे घ्यायचा."

"खालचा?"

"खालचा."

"मले तं वरचे दात पुढं दिसते, साहेब."

"ते बाहेरून तसं वाटतं."

"पण आमी तं बाहेरूनच पाह्यतो न तिले. लोकंबी बाहेरूनच पाह्यते."

मी वही उघडली. "झोपेत दात खाते का ती?"

"नाई जी. पडली का सकाळपावतो हालत नाई."

"तुमच्या लक्षात आलं नसेल."

"एका खोलीत पाच जनं झोपतो साहेब. उंदीर फिरला तरी मालूम होते."

"मनात काही दाबून ठेवते?"

"सुनंदा?" भोयर पहिल्यांदा हसले. "तिच्या मनात काई राह्यतच नाई. साऱ्या गल्लीले सांगून होते तिचं."

मी त्यांना समजावलं की या गोष्टी घरच्यांना कळत नसतात. ऑपरेशननंतर सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेनं बांधून ठेवतील, पातळ तेवढं पोटात जाईल, बोलणं नाही.

भोयर टोपीची घडी घालत बसले.

"मंग ती बोलन कशी?"

"लिहून."

"बरं," ते म्हणाले. "मले काई समजून नाई राहिलं. पण तुमी म्हणून राहिले तं करू."

ते रामटेकच्या गाडीला गेले. मी शांत झोपलो. म्हणजे, तेव्हा मला तसं वाटलं.

पुढचे तीन दिवस फार छान गेले. तार वाकवायला शिकलो, स्प्रिंग करायला शिकलो. केसाएवढ्या फरकानं दात डावीकडे जायचा तो उजवीकडे जातो हे पाहून थक्क झालो. सुनंदाची मॉडेल्स पुढच्या टेबलावर ठेवलेली असत. चहाच्या सुट्टीत लोक ती वाकून पाहत आणि मग माझ्याकडे आदरानं पाहत.

पाचव्या दिवशी आमच्या प्लेटा तयार झाल्या. माझी खालच्या जबड्याची. सगळ्यांनी तोंडात घातल्या. हॉलमध्ये चाळीस दंतवैद्य बोबडं बोलू लागले. मी घालायला गेलो तर जाईना. वाकवली, दाबली, डोळ्यांतून पाणी आलं.

देशकर जवळ सरकला. आपली प्लेट हातात काढून म्हणाला, "काहून बे, कोण्या लेकराची उचलून आणली का?"

सर आले. "तोंड उघडा."

उघडलं. त्यांनी टॉर्च लावला, वाकले आणि तसेच राहिले. मग पुढच्या टेबलाकडे गेले, सुनंदाचं खालचं मॉडेल घेऊन आले आणि माझ्या गालाशेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. उजवी अक्कलदाढ. तिरपी.

"या मुलीला मी ओळखतो," सर म्हणाले.

हॉल हसू लागला तो थांबेना. एकदोघांच्या प्लेटा तोंडातून जमिनीवर पडल्या. मी मात्र हसू शकत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर टोपीची घडी घालणारे भोयर होते.

सरांनी माझ्या नावाचा खालचा जबडा सुनंदाच्या वरच्या जबड्याखाली धरला. हलकेच टक् आवाज झाला आणि दात जागेवर बसले. "साधी केस आहे," ते म्हणाले. "वाढ चालू आहे, ती आपल्याला मदतच करील. प्लेट द्या. दीडेक वर्ष." मग आवाज खाली आणून, "दात तुम्ही खाता, डॉक्टर. माहीत नव्हतं?"

"नाही."

"घरी कोणी सांगितलं नाही?"

"सांगणारी गेली, सर."

त्यांनी टॉर्च बंद केला. "रामटेकला जा आधी," म्हणाले. "उरलेलं देशकरांकडून उतरवून घ्या."

मिळाली ती एसटी पकडली. रामटेकला उतरून चहावाल्याला भोयरांचं घर विचारलं, तर त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोरीचा जबडा कापनारे डॉक्टर तुमीच काय?" भोयर पोस्टमन होते हे मी विसरलो होतो. चार दिवसांत प्रत्येक पत्राबरोबर ही बातमी दारोदार पोचली होती.

सुनंदा ओट्यावर बसून भाजलेले हरभरे खात होती. शेजारी पापड, शेंगदाण्याची चिक्की, उसाची कांडकी. सहा आठवडे काही चावता येणार नाही म्हणून साऱ्या गल्लीनं कडक कडक पदार्थ आणून दिले होते, आणि ती इमानदारीनं सगळे संपवत होती.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ऑपरेशन नाही. चूक झाली. माझी.

सुनंदा चावायची थांबली. "मंग माह्यं काई कापत नाई न?"

"नाही. प्लेट लावायची. दीड वर्ष."

"बोलता येते तिच्यात?"

"येतं."

"मंग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढचा हरभरा तोंडात टाकला. तिची आई मात्र हात जोडून आत देवापाशी गेली.

शेजारच्या म्हातारीला हे पटेना. "असा कसा जबडा बदलते? मंग तो होता कोनाचा?"

"माझा."

"पाहू."

काय करणार? ओट्यावर बसलो, तोंड उघडलं. म्हातारीनं पाहिलं, तिच्या सुनेनं पाहिलं. सुनंदानं घरातून बॅटरी आणली आणि माझ्याशेजारी उभी राहून दाखवू लागली. "हे पाह्य मावशी, ही तिरपी दाढ. मुंबईवाल्याले हीच सापडली होती." ज्यांना ज्यांना बातमी पोचली होती ते सगळे खात्री करायला येऊ लागले. खाली रांग लागली.

तेवढ्यात वाटपाची पिशवी खांद्यावर घेऊन भोयर आले. बायकोकडून सगळं ऐकलं. सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले आणि रांग मोडून पुढे आले, वाकले, नीट पाहिलं.

"मोठाच हाय जी," ते गंभीरपणे म्हणाले. मग माझ्या शेजारी टेकले. "साहेब, माही सुट्टी मंजूर झाली. मुंबईचं रिझर्वेशनबी झालं. वहिनीसाहेब तं नाई आता. असं ऑपरेशनले एकट्यानं जाऊ नये मानसानं. मी येतो तुमच्यासंगं."

मला नको म्हणायचं होतं. पण त्यासाठी तोंड मिटावं लागलं असतं, आणि रांगेत अजून चौघं उभे होते.