ओळीतली सहा नावं

बात्माकान एजे, माझी थोरली बहीण, किर्गिझस्तानातल्या नारीनमध्ये चाळीस वर्षं दाबलेल्या लोकरीचे नमदे करायची. लोकर पसरायची, उकळतं पाणी ओतायचं, चटईत गुंडाळून बांधायची. त्या गुंडाळीचा दोर मी ओढायचो. मग तिच्यासह सात बायका ओळीने गुडघे टेकून हातांनी नमदा रेटत. सगळ्यांचा श्वास एकदम सुटला पाहिजे. एकीचा चुकला की नमदा वाकडा.

तिच्याखेरीजच्या सहांपैकी चौघी वारल्या. दोघी मुलांकडे रशियात. एजेच्या घशात गाठ निघाली, तेव्हा बिश्केकच्या इस्पितळात सोबत जायला मीच उरलो होतो.

किरणं देताना चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला अडकवतात. दहा मिनिटं हलायचं नाही. खोलीत दुसरं कुणी थांबत नाही. दोनदा एजे धडपडली, यंत्र बंद करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदाही नाही जमलं तर घरी न्या.

नूरझात नावाची नर्स अंग सैल सोडायला शिकवायला आली.

"आपा, डोळे मिटा. शांत जागा आठवा. उन्हाळ्यातलं कुरण."

"कुरणात कसली शांती, पोरी? दर दोन तासांनी घोडीची धार काढायची असते."

"बरं, मूठ आवळा. आता सोडा."

आवळणं तिला येत होतं. सोडणं येईना. बोटं अर्धवट उघडून तशीच राहत.

मी म्हणालो, "एजे, नमदा रेटून झाल्यावर हात ढिले टाकायचीस, तसे टाक."

"तू गप्प बस, तोक्तोसून. दोर ओढणाऱ्याला रेटण्यातलं काय कळतं?"

पण दुपारी खाटेवर ती तेच करत होती. श्वास आत, मूठ घट्ट. श्वास बाहेर, मूठ सैल. दर सुटत्या श्वासाला ओळीतल्या साइराकानचं नाव. दहा श्वास झाले की झुऊराचं. मग पुढची. तीन दिवस, रोज साठ श्वास. मी मोजत होतो. एकदाही अर्धवट सोडलं नाही.

तिसऱ्या वेळी दार लागलं. मी बाहेर बाकावर. यंत्र मध्ये थांबलं नाही. एजे आली तेव्हा गालांवर जाळीचे वळ होते.

"जमलं?"

"सहाही जणी संपल्या. यंत्र चालूच."

"मग?"

"तुझं नाव घेतलं. ओळीत तुला मी कधी बसू दिलं नसतं. पण आणखी कुणी उरलंच नव्हतं."

मी तिचा रुमाल पुढे केला. अजून एकोणतीस दिवस यायचं होतं.

"उद्या मला पहिला घे," मी म्हणालो.

"शेवटीच. तू लवकर दमतोस."