घासलेल्या नंबरचं इंजिन

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तिच्यात चूक माझीच होती. साठच्या दशकाची सुरुवात होती. अमरावतीच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो आणि डोकं आजच्यापेक्षा बरंच तापट होतं.

त्या काळी वऱ्हाडात जुन्या विलायती मोटारींचा भारी शौक. इंजिन जाम झालं की मालक मोटार गोठ्यात ढकलून द्यायचा. मग एखादा मिस्त्री ती भंगाराच्या भावात उचलायचा आणि लष्करी लिलावातलं जीपचं इंजिन तिच्यात बसवायचा. ही इंजिनं स्वस्त, आणि मागाल तेवढी मिळायची. असलीच एक उघडी हिरवी मोटार भातकुलीकडचा एक तरुण मिस्त्री रिद्धपूर-मोझरीच्या सवाऱ्यांसाठी चालवायचा. थाट संस्थानिकाचा, आवाज जीपचा. म्हाताऱ्या बायासुद्धा तिच्यासाठी थांबून राहायच्या.

एका सकाळी खबर आली. देणारा त्याच रस्त्यावर मोटार चालवणारा.

"साहेब, त्याच्या इंजिनावरचा नंबर घासेल हाये. अकोल्याची जीप चोरी गेली ना, तिचंच असन."

मी जाऊन पाहिलं. नंबर खरंच घासलेला. मोटार ठाण्याच्या आवारात आणली आणि मिस्त्रीला बाकावर बसवलं.

"पावती कुठे आहे?"

"कामठीच्या भंगारवाल्याकडून घेतलं. तो कायची पावती देते साहेब?"

"नंबर कोणी घासला?"

"मले असंच भेटलं. लष्करात इंजिन लिलावाले काढलं का जुना नंबर घासतेत."

"मला शिकवतोस?"

"शिकवून नाही राहिलो. वरचं झाकण, हेड खोला, आतून पाहा. इंजिन आतून ओळखू येते."

मला ती मिस्त्रीची बनवाबनवी वाटली. जाबजबाब घेतला आणि रोज सकाळी हजेरी लावायला सांगितलं. जीपमालक वजनदार असामी होता, वरून विचारणा चालू होती.

त्यातच माझ्या टेबलावर दुसरा एक कागद येऊन पडला होता. याच मिस्त्रीला सरकारी दवाखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली होती, आणि त्याच्या चालचलणुकीचा दाखला माझ्याकडून हवा होता. वडील मजुरीवर जाणारे, बौद्ध कुटुंब, घरातली पहिली सरकारी नोकरी. सोमवारी दाखला पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. शेरा काय लिहायचा ते मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, अकोल्याचा मिस्त्री ओळख पटवायला आला. चोरीच्या जीपचं काम तोच करायचा. वरवर पाहून म्हणाला, "हेच असन."

हजेरीला आलेला आमचा मिस्त्री बाकावरून उठला.

"भाऊ, तुमच्या इंजिनाचं बोअरिंग झालं होतं का?"

"दोनदा. आता तिसऱ्यांदा होतच नाही."

"मंग खोला न हे."

दोन पंच बोलावले आणि हेड उतरवलं. अकोल्याच्या मिस्त्रीनं सिलिंडरमध्ये बोटं फिरवली, माप लावलं, पुन्हा लावलं. त्याचा चेहराच बदलला.

"नाही साहेब, हे आमचं नव्हे. हे एकदाही बोअर नाही झालं."

"झालेलं पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही?" मी विचारलं.

"बोअरिंगमध्ये भोक घासून मोठं होते साहेब. लहान कसं होईन? आत नवी नळी ठोकली असती तं तिची कड दिसली असती."

खरं सांगतो, त्याच्याआधी मीच सुटलो. पंचनामा झाल्याबरोबर दाखल्यावर 'हरकत नाही' असं लिहून शिक्का मारला. मिस्त्रीनं तो कागद दोनदा वाचला. आभार-बिभार काही नाही. म्हणाला, "आता हे इंजिन बांधाले दोन माणसं द्या."

दिली. जमादारही बाह्या सरसावून बसला. सोमवारी पोरगा त्याच मोटारीतून नोकरीवर हजर झाला. चोरीची जीप पुढे मूर्तिजापूरकडे एका गोदामात सापडली, इंजिनासकट.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक संशयिताला एक प्रश्न विचारत आलो: मी काय तपासू, ते तूच सांग. चोर तिथं गप्प होतो. निर्दोष माणूस बोलत सुटतो, त्याला थांबवावं लागतं. हा तर पहिल्याच दिवशी 'आतून पाहा' म्हणाला होता. इंजिन खोलण्याआधी सोमवार उजाडला असता, तर एका घरातली पहिली नोकरी माझ्या बहिऱ्या कानांनी घालवली असती.