कोरडे तांदूळ

"काढ बे गज्या, केबल काढ! कोणाले इकली ते सांग!" सरपंच असा ओरडत होता, की तिकडे आर्वीच्या डेपोतून सुटलेली एसटी जागीच थांबली असेल. ग्रामपंचायतीसमोर सगळं गाव गोळा झालेलं. पाण्याच्या मोटरची केबल चोरीला गेली होती. गावाला नळ सोडणारा गजानन, छप्पन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, मान खाली घालून उभा. सरपंच तिशीतला, माझा जुना विद्यार्थी. तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमीच शिकवलं ना आमाले? चोर म्हतारा होते, त्याचे हात म्हतारे होत नाई!"

मी मान हलवली. हो म्हणून.

आता ऐका. यामागचं मी बायकोला सांगितलेलं नाही, देवाला सांगितलेलं नाही — आणि मला मुंगी चावली तर वाघानं ओढत नेलं म्हणून सांगणारा माणूस आहे मी! आयुष्यात सगळं फुगवलं. हे एवढंच दाबलं.

गजानन आणि मी चौदा वर्षांचे होतो. पोळा दोन दिवसांवर आलेला. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या बैलाची पितळी घुंगरमाळ नाहीशी झाली. त्यानं आम्हा सगळ्या उनाड पोरांना ओट्यावर बसवलं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे एकेकाच्या तोंडात मंतरलेले तांदूळ कोंबले. चावा, म्हणे. ज्याचे कोरडे निघतील तो चोर — चोराची लाळ भीतीनं सुकते. काय ती अक्कल! माझ्या तोंडाला पाण्याची टंचाई कधी होती? जिल्हाभर दुष्काळ पडला तरी माझी जीभ ओली. मी तर त्यांना भातच शिजवून दिला. गजानन तेव्हा तोतरा, कोणी नुसती हाक मारली तरी थरथरणारा. त्याच्या तोंडातून तांदूळ पडले ते जसेच्या तसे. परत पोत्यात भरले असते तर कोणाला कळलं नसतं.

माळ मी चोरली होती. मी. आर्वीच्या भंगारवाल्याला विकून तिची जिलेबी खाल्ली होती.

आणि एवढ्यावर थांबलो? नाही. त्याला धरल्यावर मी उभा राहून गोष्ट रचली — गज्या माळ कमरेला बांधून नाला कसा उडून गेला, घुंगरांच्या आवाजानं सात गावची कुत्री कशी मागं लागली. लोक पोट धरून हसले. इतकी रंगलेली गोष्ट खोटी कोणाला वाटणार?

मग कोंबडी हरवली — गज्या. झाडावरची संत्री गेली — गज्या. त्याला कामाला कोणी बोलवेना. विशीत तो खरोखरच चोर झाला. डिझेल, हायवेवर जाम गावच्या चौकात उभ्या ट्रकांवरचा माल. दोनदा तुरुंगात जाऊन आला. आणि मी? एकोणीस वर्षांचा होईतो मी त्याच्या दसपट हात मारले. मग डीएड, नोकरी, लग्न, पोरगी — आणि चोरी दुधाच्या दातासारखी पडून गेली. मलासुद्धा कळलं नाही कधी पडली. त्याचीही पडली, चाळिशीत, थकून. पंधरा वर्षं झाली, त्यानं कोणाची काडी उचललेली नाही. पण त्याचा पडलेला दात गावानं जपून ठेवला. आणि मी? दर वर्षी वर्गात गज्याची गोष्ट सांगून पोरांना तो काढून दाखवला. संस्कार शिकवत होतो म्हणे! थू!

राग येतो. त्या ओट्याचा येतो, त्या तांदळांचा येतो, हसणाऱ्या त्या सगळ्या तोंडांचा येतो. पण त्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर ही मान कोणी हलवली? कोणी माझ्या तोंडात तांदूळ कोंबले होते?

सकाळपर्यंत चाब्या जमा कर, असं सरपंचानं त्याला बजावलं. संध्याकाळी मी गजाननच्या घरी गेलो. सगळं सांगितलं — माळ, जिलेबी, नाला, कुत्री. जन्मात पहिल्यांदा काही न फुगवता. तो पंपघराच्या चाब्या सुतळीत ओवत बसला होता. गाठ मारली, दातानं घट्ट केली, आणि जुडगा माझ्या हातात ठेवला.

"ह्या तूच देजो सरपंचाले. माह्या हातून घेतल्या तर तो मोजून घेते."