खोक्यावरचं रक्ताळलेलं बोट

मंडळी, आज माझी कॉलर जरा ताठ आहे. कारण सांगते.

परवाच्या वादळात ब्रिस्टलमधल्या आमच्या घरामागची शेड कोसळली. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी आज तो पसारा न्यायला येणार होती, पण लाकूड, लोखंड आणि काच वेगवेगळी ठेवली असेल तरच. माझ्या सासूबाई सध्या नागपूरहून आल्या आहेत. माझा ऑफिसचा कॉल संपेपर्यंत त्यांनी फळ्यांतले खिळे उपटून डब्यात भरले होते आणि वादळात पडलेल्या फांद्यांच्या मोळ्या जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या.

शेडच्या खिडकीच्या फुटक्या काचा पेपरात गुंडाळून खोक्यात ठेवल्या होत्या. वर मराठीत लिहिलं होतं, "काच आहे. जपून."

"आई, इथे हे कोण वाचणार?"

"मग चित्र काढते," म्हणाल्या आणि खाली एक मोठं बोट काढून त्याला लाल पेनाने रक्ताचे थेंब दिले.

गाडीवरचा माणूस ते खोकं उचलायला वाकला, चित्र बघून थांबला आणि जाड ग्लव्ह्ज घालून आला. जाताना मला म्हणाला, "आज काच आहे म्हणून सांगणारं हे पहिलंच घर."

मी ते आईंना सांगितलं.

"त्यात काय एवढं? हात तर त्याचाच कापला असता ना."

समोरच्या बाजूला गाडी उद्या येणार आहे. तिथली शेजारीण हे सगळं बघत होती. आत्ताच ती आपलं काचांचं खोकं घेऊन आली, तिलाही बोट काढून हवंय. आमचं लाल पेन संपत आलंय. जवळपास कुणाकडे जास्तीचं आहे का?